जाई छाटाल तरच फुलेल

जाईचा वेल लावलेल्यांची नेहमीची तक्रार एकच असते. वेल गच्चीपर्यंत पोचला, मांडव पानांनी भरला, पण फुलं बोटांवर मोजण्याइतकी. मग खत वाढवलं जातं, पाणी वाढवलं जातं, आणि पानं आणखी वाढतात. खरं कारण वेलाच्या वाढीतच आहे. जाईला कळी धरते ती नव्या फुटीच्या शेंड्यावर. जुन्या, तपकिरी झालेल्या फांदीवर कळी येत नाही. त्या फांदीतून कोवळी फूट निघाली, तर तिच्या टोकाला झुबका लागतो. जितके नवे शेंडे, तितके झुबके. वेल न छाटता सोडून दिला की चार-दोन शेंडे उंच पळतात, खालचा भाग उघडा पडतो आणि जी थोडी फुलं येतात ती हात पोचणार नाही अशा जागी. जागा निवडण्यापासून खतापर्यंत सगळे निर्णय ही एक गोष्ट धरूनच घ्यायचे आहेत.

आधी वेल ओळखा

नर्सरीत जाई, जुई, चमेली, सायली ही नावं बऱ्याचदा सरमिसळ करून वापरतात, म्हणून नावावर जाऊ नका, पान बघा. जाईच्या एका देठावर लहान पानांच्या समोरासमोर जोड्या असतात, बहुतेक वेळा सात ते नऊ पर्णिका. शेंड्याची पर्णिका मोठी आणि टोकदार असते. कळी लांबट, बाहेरून गुलाबी-जांभळट झाक असलेली. फूल पाच पाकळ्यांचं. हिंदी भाषक नर्सरीवाला हिलाच चमेली म्हणतो. जुईचं पान वरवर पाहता एकच दिसतं, पण देठापाशी कानासारख्या दोन चिमुकल्या पर्णिका असतात. तिचं फूल जाईपेक्षा बारीक असतं. मोगऱ्याचं पान एकसंध, रुंद आणि चकचकीत.

‘स्टार जास्मिन’ नावाने विकला जाणारा वेल जाईच्या कुळातला नाही. त्यालाही वास असतो, पण त्याची वाढ आणि निगा वेगळी. शंका आली तर एक पान देठातून तोडा. पांढरा दुधासारखा चीक आला तर ती जाई नव्हे.

रोप शक्यतो पावसाळ्यात, फुलं असताना घ्या, म्हणजे वासाचीही खात्री होते. उंच एकच काडी असलेल्या रोपापेक्षा बुडातून दोन-तीन फांद्या निघालेलं बुटकं रोप केव्हाही चांगलं. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर ते रोप ठेवून द्या. व्यापारी लागवडीसाठी कोइंबतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने काढलेले जाईचे ‘को-१ पिच्ची’ आणि ‘को-२ पिच्ची’ हे वाण आहेत. घरच्या वेलासाठी वाणाच्या नावामागे धावायची गरज नाही.

जागा आणि लागवड

रोज किमान पाच ते सहा तास थेट ऊन पाहिजे. याला पर्याय नाही. सावलीत वेल मरत नाही, आणि म्हणूनच फसगत होते. तो हिरवागार दिसतो, पण दोन पानांमधलं पेर लांब होत जातं, पानं मोठी आणि पातळ होतात, फूल दिसत नाही. उत्तरेकडच्या गॅलरीत जाई लावून काही उपयोग नाही. पूर्व, दक्षिण किंवा पश्चिम बाजू निवडा. पश्चिमेची भिंत एप्रिल-मे महिन्यांत तापते, तिथे खोड भिंतीपासून निदान 30 सेंटिमीटर लांब ठेवा. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेत वेल लावू नका. पावसाळाभर तिथली माती चिखल होऊन राहते आणि बुंधा कुजतो.

देशावर पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलै, लागवड करा. कोकणात आणि गोव्यात त्या दिवसांतल्या धो-धो पावसात नवं रोप तग धरत नाही. तिथे पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात लावा.

खड्डा 45 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. शक्य असेल तर मे महिन्यातच खणून पंधरा दिवस उन्हात तापू द्या. वरच्या थरातली माती, दहा किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळून तो भरा. शेणखत हातात घेतलं तर त्याला शेणाचा वास येता कामा नये. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी, म्हणजे मातीतली पांढरी अळी, येते आणि कोवळी मुळं खाते. दोन वेल लावायचे असतील तर मध्ये दीड ते दोन मीटर अंतर ठेवा.

भारी काळ्या मातीत मात्र ही पद्धत चालत नाही. तिथे खोल खड्डा काढून तळाला विटांचे तुकडे भरण्याची प्रथा आहे, पण आजूबाजूची चिकण माती पाणी सोडत नाही, त्यामुळे पावसाचं पाणी त्या खड्ड्यातच साठून राहतं. त्याऐवजी जमिनीच्या वर 20 ते 25 सेंटिमीटर उंच आणि मीटरभर रुंद मातीचा उंचवटा करा, त्यात एक तृतीयांश बारीक मुरूम किंवा जाडसर वाळू मिसळा आणि त्यावर वेल लावा.

रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच जमिनीत जायला हवं. बुंध्याशी माती चढवू नका. लावल्या दिवशी भरपूर पाणी द्या, आणि जवळ काठी रोवून वेल सैलसर बांधा.

कुंडीत लावायचा असेल तर

जाई कुंडीत उत्तम येते, पण 12 इंची कुंडीत नाही. निदान 16 इंच, जमलं तर 18 इंच तोंडाची आणि तेवढीच खोल कुंडी घ्या. तळाला बोटभर रुंदीची चार-पाच भोकं हवीत. मिश्रणात दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली जाई पहिल्या वर्षी छान दिसते, पुढे पिवळी पडते. कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतं, आणि उन्हाळ्यात ते पूर्ण सुकलं की पाणी आत न मुरता कडेने निघून जातं. कुंडी विटांवर उचलून ठेवा.

दर दोन वर्षांनी, जानेवारीतल्या छाटणीच्या वेळीच, गड्डा बाहेर काढून चारही बाजूंनी दोन इंच माती-मुळं धारदार सुरीने तासा आणि नवी माती भरा. हे टाळलं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलं कमी होतात आणि त्याचं कारण लोक खतात शोधत बसतात.

आधार आणि वळण

जाईला काकडीसारखे ताणे नसतात, आणि भिंतीला धरणारी मुळंही नसतात. तिच्या लांब लवचीक फांद्या आधारावर रेलतात, थोड्याफार गुंडाळतात. बांधणं आपलंच काम. तार वापरू नका, उन्हात तापते आणि फांदी जाड झाली की रुतते. सुतळी किंवा काथ्या घ्या आणि आठच्या आकड्यासारखा वेढा द्या: एक फेर आधाराला, एक फांदीला, मध्ये पीळ.

पहिल्या वर्षी फुलांची घाई नको. रोप फूटभर झालं की शेंडा खुडा. खालून बऱ्याच फुटी निघतील. त्यांतल्या जोमदार तीन-चार फांद्या मुख्य म्हणून ठेवा, बाकीच्या बुडातून काढा. या फांद्या सरळ उभ्या चढवल्या तर सगळा जोर शेंड्याकडे जातो. त्या तिरप्या किंवा पंख्यासारख्या पसरवून बांधल्या तर प्रत्येक डोळ्यातून, म्हणजे पानाच्या बेचक्यातल्या कोंबातून, फूट निघते. गॅलरीच्या ग्रिलवर तर वेल आडवाच न्यावा. आडव्या फांदीवर उभ्या फुटी येतात आणि त्या सगळ्या हाताला लागतील अशा उंचीवर फुलतात. मांडवाची उंची सात फुटांपेक्षा जास्त नको. कळ्या तोडायला आणि छाटायला आपल्यालाच जायचं आहे.

छाटणी

जाईची मुख्य छाटणी डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत करतात. जुईची त्यानंतर, जानेवारीअखेरीस. थंडीत वेल मंदावलेला असतो, पुढे ऊन वाढायला लागलं की फूट जोमाने येते.

छाटणीआधी दोन आठवडे पाणी तोडा. कुंडीतल्या वेलाला अगदी कोरडं न ठेवता फक्त सुकणार नाही इतकंच द्या. ताण बसला की जुनी पानं पिवळी होऊन गळायला लागतात. मग धारदार कातर स्पिरिटने पुसून घ्या आणि या क्रमाने कापा.

आधी मेलेलं, वाळलेलं आणि रोगट सगळं बुडातून. खरवडून बघा, सालीखाली हिरवं नसेल तर फांदी मेली. मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या. मग मुख्य फांद्यांवरच्या सर्व बाजूच्या फुटी, प्रत्येकीवर दोन ते तीन डोळ्यांच्या जोड्या ठेवून. काप डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, किंचित तिरपा. शेवटी उरलेली पानं हाताने ओरबाडून काढा. मांडवावरचा वेल असेल तर मुख्य फांद्यांचा सांगाडा तसाच राहतो. झुडपासारखा वाढवलेला असेल, जसा शेतात वाढवतात, तर सगळा वेल जमिनीपासून दीड-दोन फुटांवर सरळ कापतात.

छाटल्यावर वेल उघडाबोडका दिसतो आणि पहिल्यांदा छाटणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. निरोगी मुळांच्या वेलाला दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक डोळ्यातून लालसर-हिरवी फूट दिसायला लागते. अंगठ्याएवढ्या जाड कापांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पाण्यात कालवलेली पेस्ट लावा, बारीक कापांना काही लागत नाही.

वर्षानुवर्षं न छाटलेला म्हातारा वेल असेल तर सगळं एकदम कापू नका. पहिल्या जानेवारीत सर्वात जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश बुडापासून काढा, बाकीच्यांची साधी छाटणी करा. बुडातून जे जोरकस धुमारे येतील त्यांतले दोन नव्या मुख्य फांद्या म्हणून बांधा. पुढची दोन वर्षं हेच. तीन वर्षांत वेल नवा होतो.

मुख्य छाटणीनंतर काम संपत नाही. नवी फूट हातभर झाली की तिचा शेंडा एकदा खुडा, एकाच्या दोन होतील. हे मार्चअखेरपर्यंतच करा, नंतर खुडलं तर कळीच खुडली जाते. बहराच्या काळात झुबका फुलून संपला की त्याच्या खालच्या दोन पानांसकट टोक कापा. देशावर एप्रिल-मेपासून तुरळक फुलं सुरू होतात, खरा बहर पावसाळ्यात, आणि टोकं कापत राहिलं तर दिवाळीपर्यंत फुलं मिळतात.

पाणी आणि खत

छाटणीनंतर पानं येईपर्यंत पाणी बेताचं. पानंच नसतील तर वेल पाणी ओढत नाही, आणि ओल्या मातीत मुळं कुजतात. फूट वाढायला लागली की जमिनीतल्या वेलाला आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात एक दिवसाआड. कुंडीला उन्हाळ्यात रोज सकाळी, तळातून निघेपर्यंत. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कळ्या लागल्यावर माती एकदा खडखडीत सुकली आणि मग भसाभसा पाणी दिलं, तर हिरव्या कळ्या गळतात. कळी गळण्याचं हे सर्वात साधं कारण आहे.

दक्षिणेत जाईच्या शेतीत पूर्ण वाढलेल्या एका वेलाला वर्षाला 100 ग्रॅम नत्र (नायट्रोजन), 150 ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि 100 ग्रॅम पालाश (पोटॅशियम) दोन हप्त्यांत देतात, एक छाटणीनंतर आणि एक जून-जुलैत. म्हणजे एका हप्त्याला साधारण 110 ग्रॅम युरिया, 470 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 85 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. यात नत्रापेक्षा स्फुरद जास्त आहे हे ध्यानात घ्या. घरी लोक नेमकं उलट करतात, नुसता युरिया टाकतात, आणि वेल पानांवर जातो. सेंद्रिय पद्धतीने करायचं तर छाटणीनंतर दहा किलो शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड आणि पाव किलो हाडांचा चुरा बुंध्यापासून फूटभर लांब, गोल चर काढून द्या.

कुंडीला वरचं रासायनिक प्रमाण अजिबात देऊ नका, मुळं जळतील. फेब्रुवारी ते सप्टेंबर दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत पुरतं. शिवाय दर पंधरा दिवसांनी पेंडीचं पाणी: 100 ग्रॅम शेंगदाणा पेंड एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवा, रोज एकदा ढवळा, मग दहापट पाणी घालून गाळून द्या. माती आधी ओली असावी. ऑक्टोबरपासून खत बंद.

बिघडतं ते इथे

कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या: हा लोहाचा तुटवडा. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरिंगचं जड पाणी वापरणाऱ्या घरी हमखास दिसतो. मातीत लोह असतं, पण वेलाला घेता येत नाही, म्हणून वरून फवारावं लागतं. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ताजं करून संध्याकाळी. पंधरा दिवसांनी पुन्हा. हे पाणी फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर तो नत्राचा किंवा साचलेल्या पाण्याचा प्रश्न आहे, लोहाचा नाही.

कळीमाशीचं नुकसान लवकर लक्षात येत नाही, कारण जाईची कळी मुळातच बाहेरून गुलाबी असते. निरोगी कळी लांब, सडपातळ असते आणि तिचा रंग एका बाजूला हलकासा असतो. कळीमाशी लागलेली कळी आखूड राहते, बुडाशी फुगते, जांभळट होऊन सुकते आणि हात लावताच गळते. अशी एक कळी नखाने उभी चिरा, आत बारीक अळ्या वळवळताना दिसतील. या अळ्या पुढे मातीत जाऊन कोष करतात. म्हणून फक्त वेलावर फवारून भागत नाही. गळलेल्या आणि फुगलेल्या कळ्या रोज गोळा करून पिशवीत बंद करून टाका, बुंध्याभोवतीची माती आठवड्याला वरवर हलवा आणि तिथे निंबोळी पेंड मिसळा.

कळीला गोल भोक आणि दोन-तीन कळ्या जाळ्याने एकत्र बांधलेल्या दिसल्या तर कळी पोखरणारी अळी. घरच्या वेलावर हाताने वेचणं पुरेसं असतं. प्रादुर्भाव जास्त असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 50 ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी, संध्याकाळी फवारा. केसांत माळायच्या आणि देवाला वाहायच्या फुलांवर तीव्र कीटकनाशकं मारू नयेत.

मार्च ते मे पानांवर बारीक फिकट ठिपके, मागे कोळिष्टक: लाल कोळी. धुळीच्या रस्त्याकडेच्या गॅलरीत जास्त. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा तीन दिवसांआड मारा. न आटोपल्यास विद्राव्य गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण पारा 35 अंशांच्या वर असताना नाही, आणि कडुनिंबाचं तेल फवारल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नाही. पानं करपतात.

जुईच्या पानांवर आणि शेंड्यांवर पांढरी लोकरीसारखी लव दिसली तर भुरी समजून बुरशीनाशक मारू नका. बोटाने घासून बघा. भुरी पुसली जाते, ही लव जात नाही, कारण ती सूक्ष्म कोळ्यामुळे पानातूनच उगवलेली असते. तेवढे शेंडे कापून जाळा. ‘परिमुल्लै’ हा जुईचा वाण या कोळ्याला दाद देत नाही.

शेंडे सुजून वाकडे झाले आणि त्यांवर नारिंगी भुकटी दिसली तर तांबेरा, हा बुरशीचा रोग. तो भाग चार बोटं खालून कापा आणि जाळा. पानं बोटाच्या नखाएवढी राहून गुच्छ होऊ लागले, फुलं हिरवी आणि पानासारखी आली, तर त्यावर औषध नाही. असा वेल मुळासकट काढा आणि त्याची कलमं कुणालाही देऊ नका.

कळ्या कधी तोडायच्या

जाई संध्याकाळनंतर उमलते. गजऱ्यासाठी दुपारी चारच्या सुमारास पूर्ण भरलेल्या, पांढऱ्या झालेल्या पण मिटलेल्या कळ्या देठासकट खुडा. हिरवट कळी तोडली तर ती उमलत नाही, तशीच सुकते. कळ्या धुऊ नका. ओलसर सुती कापडात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या तर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतात, बाहेर काढल्यावर उमलतात. जाईचा देठ नाजूक असतो, सुईने ओवल्यास चिरतो. केळीच्या सोपाचा दोरा ओला करून गाठीगाठीने बांधा.

नवी रोपं

दाब कलम सर्वात भरवशाचं. जून-जुलैत खालची, पेन्सिलीएवढी जाड फांदी वाकवा. जमिनीला टेकते तिथे एका डोळ्याच्या खाली तीन सेंटिमीटर तिरका काप द्या, कापात काडी अडकवा म्हणजे तो मिटणार नाही, आणि तो भाग चार बोटं मातीखाली दाबून वर दगड ठेवा. शेंडा बाहेर, काठीला बांधलेला. तीन ते चार महिन्यांत मुळं धरतात. फांदी हलकेच ओढून बघा, हलत नसेल तर मूळ वेलाच्या बाजूने कापा, पण लगेच उपटू नका. पंधरा दिवस तिथेच राहू द्या, मग मातीच्या गड्ड्यासकट उचलून कुंडीत लावा. पहिले दोन आठवडे सावलीत ठेवा, नंतर हळूहळू उन्हात आणा. जमिनीत लावायचं असेल तर ते पुढच्या पावसाळ्यात.

जानेवारीच्या छाटणीतल्या काड्या टाकून देऊ नका. तीन-चार डोळ्यांच्या, वीतभर लांबीच्या काड्या घ्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. अर्धी काडी वाळू आणि गांडूळखताच्या मिश्रणात खोचून वर प्लास्टिकची पिशवी पालथी घाला आणि सावलीत ठेवा. निम्म्या काड्या लागल्या तरी चांगलं म्हणायचं, म्हणून लागतील त्याच्या दुप्पट लावा. नवं पान दिसलं म्हणून काडी उपटून मुळं बघू नका. साठवलेल्या अन्नावरही पानं फुटतात, मुळं त्यानंतर येतात. दीड-दोन महिन्यांनी तळाच्या भोकातून पांढरं मूळ दिसलं की मगच ती वेगळी करा.